कोड येत नाही, पण समजावून सांगता येतं

मागच्या अंकात मी ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनवर लिहिलं होतं. लिबरऑफिस (ऑफिसच्या कामांचं), क्यूजीआयएस (नकाशांचं), फायरफॉक्स (ब्राउझर) अशी सॉफ्टवेअर कुणालाही मोकळेपणाने वापरता येतात, त्यांचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो. पण ती वापरायची कशी हे सांगणारी पानं लिहायला माणसं कमी पडतात, आणि त्या कामाला कोड यावाच लागतो असं नाही, एवढं त्या लेखात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही निवडून उत्तरं देते आहे. नव्या वाचकांसाठी: भोसरीतल्या एका पंपाच्या कारखान्यात मॅन्युअल लिहिण्यापासून माझी नोकरी सुरू झाली, हिंजवडीत सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिता लिहिता संपली, आणि निवृत्तीनंतर तेच काम मी ओपन सोर्स प्रकल्पांसाठी बिनपगारी करते.

प्रश्न : ताई, मी एम.कॉम. आहे. कोथरूडला आमच्या सोसायटीचे हिशेब मी लिबरऑफिस कॅल्कमध्ये ठेवते. मध्यंतरी बँकेच्या स्टेटमेंटची फाइल उघडली तर तारखांचा पार गोंधळ झाला, अख्खा रविवार त्यात गेला. तुमचा लेख वाचून वाटलं, आपणही काही लिहावं. पण प्रोग्रामिंगचा गंध नाही, इंग्रजी बेताचं. मुलगा म्हणतो, "आई, तिथे सगळे एक्स्पर्ट असतात." मी खरंच काही उपयोगाची आहे का?

तुमचं पहिलं पान तुमच्याच पत्रात आहे. त्या रविवारी काय झालं असेल ते सांगते. बँकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नुसत्या मजकुराचा तक्ता) तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहिते. कॅल्कमध्ये प्रदेशाची निवड अमेरिकेची असेल, तर ते महिना-दिवस-वर्ष असं वाचतं. त्यामुळे १३/०४/२०२५ मध्ये तेरावा महिना सापडत नाही आणि ती तारीख नुसता मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे जाऊन बसते. ती निदान डोळ्यांना खुपते. ०३/०४/२०२५ चं मात्र निमूटपणे ४ मार्च होतं. पडद्यावर आकडे त्याच क्रमाने दिसतात, तारीख उजवीकडे शहाण्यासारखी बसलेली असते, आणि एप्रिलचा मेंटेनन्स मार्चच्या बेरजेत जातो. उपाय एवढासा आहे: फाइल उघडताना जी खिडकी येते तिच्यात खाली फाइलचा नमुना दिसतो, तिथे तारखेच्या स्तंभावर क्लिक करायचं आणि स्तंभाचा प्रकार म्हणून डेट, डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडायचं.

आता विचार करा, हे कोण लिहिणार? ज्यांनी ती खिडकी बनवली त्यांना तिथे थांबून स्तंभाचा प्रकार निवडायचा असतो हे इतकं ठाऊक आहे, की कुणी न बघता थेट ओके दाबेल हे त्यांच्या मनातही येत नाही. तुम्ही ओके दाबलंत. तुमच्यासारखे हिशेबनीस जगभर रोज ओके दाबत असतील. त्यांना नेमकं कुठे थांबवायचं हे तुम्हाला माहीत आहे, आणि हे माहीत असणं फार दिवस टिकत नाही. अजून चार-सहा स्टेटमेंटं उघडलीत की हात आपोआप त्या स्तंभाकडे जाईल आणि कधीकाळी इथे अडलो होतो हेही विसरून जाल. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: अडल्याच्या दिवशी लिहून ठेवा. मी काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, आणि पडद्यावर काय आलं, एवढं तीन ओळींत. सोबत लिबरऑफिसची आवृत्ती आणि विंडोज की लिनक्स हे लिहा. नीटनेटकं नंतर करता येतं. अडलेपण मात्र नंतर आठवत नाही. अनुभवी माणसाला हे कितीही प्रयत्न करून जमत नाही. मलाही आता जमत नाही, म्हणून मी नव्या माणसांच्या नोंदी मागून घेते.

मुलाला सांगा, तिथे एक्स्पर्ट आहेत हे खरं, आणि म्हणूनच तुमची गरज आहे.

लिबरऑफिसने सुरुवात करा असं म्हणण्याला आणखी एक कारण आहे. बहुतेक प्रकल्पांत लिखाण गिट नावाच्या, फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतून पाठवावं लागतं. ती शिकता येते, पण पहिल्याच पायरीवर ती समोर आली की पुष्कळ जण परत फिरतात. लिबरऑफिसची मार्गदर्शक पुस्तकं, म्हणजे रायटर गाइड, कॅल्क गाइड वगैरे, ही खुद्द लिबरऑफिस रायटरमध्येच लिहिली जातात. ठरलेला साचा असतो, त्यातल्या स्टाइल वापरायच्या. प्रकरणाची फाइल घ्यायची, बदलांची नोंद चालू ठेवून दुरुस्त्या करायच्या आणि परत ठेवायची. मग दुसरा स्वयंसेवक ती तपासतो. ऑफिसात एखादा मसुदा दोघा-तिघांच्या हातून जातो, तसंच. लिबरऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, आणि पुस्तकांना तो वेग गाठणं जड जातं. त्यामुळे जुनं प्रकरण नव्या आवृत्तीशी ताडून बघणं हे नेहमीच शिल्लक असलेलं काम आहे. प्रकरण शेजारी उघडा, एकेक वाक्य वाचा, ते करून बघा. मेनू तिथेच आहे का? चित्रातली खिडकी तशीच दिसते का? एक प्रकरण असं ताडलंत तर कॅल्क तुम्हाला मुलापेक्षा जास्त येईल.

इंग्रजीची भीती काढून टाका. या पुस्तकांच्या वाचकांत इंग्रजी मातृभाषा नसलेले खूप आहेत आणि त्यांना आखूड, सरळ वाक्यंच हवी असतात. व्याकरण तपासणारा सुधारून देतो. चुकलेली पायरी मात्र तो सहज पकडू शकत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची.

लिहायला बसाल तेव्हा आधी ठरवा, वाचक कोणत्या वेळी हे पान उघडणार आहे. डॅनिएले प्रोचिदा यांनी डायाटॅक्सिस नावाची एक मांडणी केली आहे, ती मला फार पटते. नवख्याचा हात धरून पहिला धडा करवून घेणं वेगळं. काम अडलेल्या माणसाला तेवढं काम उरकून देणं वेगळं. कोणता पर्याय काय करतो याची कोरडी, पूर्ण माहिती वेगळी. आणि हे असं का आहे हे निवांत समजावणं वेगळं. तुमचं तारखांचं पान दुसऱ्या प्रकारातलं. ते उघडणारी बाई वैतागलेली आहे, रात्री सोसायटीची मीटिंग आहे. तिला सीएसव्हीचा इतिहास नको. पहिल्या ओळीत तिला तिची अडचण ओळखू आली पाहिजे, दुसऱ्या ओळीपासून उपाय. प्रदेशाच्या निवडीमुळे असं का होतं ते तळाशी, चार वाक्यांत.

आणि एक नियम भोसरीतला, तो मी कधी सोडला नाही. इशारा कृतीच्या आधी येतो. "झाकण काढा. त्यापूर्वी वीज बंद केल्याची खात्री करा" असं लिहिलेलं मॅन्युअल फिटरच्या हाती देणं हा गुन्हा आहे, कारण तो पहिलं वाक्य वाचतो, मॅन्युअल खाली ठेवतो आणि झाकणाला हात घालतो. कॅल्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जीव जात नाही, पण मूळ फाइलवर लिहिलं जातं, जुना हिशेब पुसला जातो. "आधी मूळ फाइलची प्रत ठेवा" हे वाक्य पायरी एकच्या वर हवं.

लिहून झालं की सोसायटीतल्या कॅल्क न येणाऱ्या कुणाला तरी ते पान आणि एक स्टेटमेंट द्या, शेजारी बसा आणि बोलू नका. "अहो, तिथे नाही, खाली" हे शब्द ओठांवर आले की समजा, तिथे एक ओळ कमी आहे. पाठवण्याआधी हे केलंत तर तपासणारा तुमचं नाव लक्षात ठेवेल.

प्रश्न : मॅडम, मी कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहतो. ओपन सोर्समध्ये काम करायचंय, पण मित्र म्हणतात, डॉक्युमेंटेशनचे पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशा विनंत्या) म्हणजे टाइमपास, स्पेलिंग सुधारायचं आणि प्रोफाइल हिरवं करायचं (काम केलं की तिथे हिरवे चौकोन उमटतात). प्लेसमेंटला त्याची किंमत नाही. खरं आहे का?

तुझे मित्र जे बघताहेत ते खरंच घडतं. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरात असतो. पूर्वी त्यात ठराविक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये लोकांनी रीडमी फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या ओळखीच्या पानावर, एखादा शब्द घालून इतक्या निरर्थक विनंत्या पाठवल्या, की प्रकल्प चालवणारे हैराण झाले, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला असेल त्यांच्याच विनंत्या धरायच्या असा नियम आयोजकांना उपक्रम चालू असतानाच करावा लागला. त्या गर्दीत आपल्याकडचे विद्यार्थीही होते. मला त्याचं फार वाईट वाटलं. डॉक्युमेंटेशन ही सोपी शिकार समजून तिथे हात मारला गेला, आणि खरं काम घेऊन येणाऱ्या मुलांकडेही लोक संशयाने बघू लागले.

पण त्यावरून कामाची किंमत ठरवू नकोस. गिटहबने, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या संकेतस्थळाने, २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली होती. अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही सर्रास दिसणारी अडचण आहे असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतात किंवा कधीच लावत नाहीत, असंही त्यातून निघालं. म्हणजे सगळ्यांना खुपतं आणि फारसं कुणी करत नाही. नवख्याला याहून मोकळी जागा कुठे मिळेल?

खऱ्या कामाचं उदाहरण देते. तुला आवडणारा एखादा मध्यम आकाराचा प्रकल्प घे. त्याचं इन्स्टॉलेशनचं पान उघड आणि एका कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच चालणारा दुसरा, आभासी संगणक), तुझ्या लॅपटॉपवर नव्हे, अक्षरशः तसंच करत जा. तुझ्या लॅपटॉपवर आधीच दहा गोष्टी बसवलेल्या आहेत, त्यामुळे पानात न लिहिलेली लायब्ररी तुला जाणवणारच नाही. कोऱ्या मशीनवर तिसऱ्या कमांडला एरर येईल. तो एरर का आला हे शोधायला तुला कोड वाचावा लागेल, कुठला पर्याय केव्हा बदलला हे गिटच्या इतिहासात बघावं लागेल, कदाचित तो दोष पानात नसून कोडमध्येच आहे असं निघेल. हे सगळं केल्यावर तू पाठवशील चार ओळींचा बदल आणि दहा ओळींचं स्पष्टीकरण: कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय आलं, का आलं. मुलाखत घेणाऱ्यासमोर हे पान उघडून दाखव. मी हिंजवडीत मुलाखती घ्यायला बसले आहे. स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याची सिस्टिम नीट समजावून सांगणारा मुलगा आला की टेबलापलीकडचे लोक सरसावून बसतात.

साधनं शिकून घे, ती तुला कोडमध्येही लागतील. मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात मथळे-याद्यांच्या खुणा करायची पद्धत, तासाभरात येतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही तशीच पद्धत आणि त्यातून पानं बनवणारं स्फिंक्स दिसेल. स्फिंक्स मुळात पायथॉनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनलं आणि २००८ मध्ये बाहेर आलं. पानं घरच्या मशीनवर बिल्ड करून मगच पाठव. तुटलेली लिंक किंवा फुटलेला तक्ता तिथेच दिसतो. आणि एकटा बसू नकोस. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, पीएलयूजी. सीओईपीत विद्यार्थ्यांचा मुक्त सॉफ्टवेअर गट आहे. तिथे कुणाला तरी तुझं पान वाचायला दे.

हां, स्पेलिंगची चूक दिसली तर जरूर सुधार. फक्त दहा चुका दहा विनंत्यांत नको, एका विनंतीत पाठव.

प्रश्न : एका प्रकल्पाचं युजर मॅन्युअल फारच विस्कळीत होतं. मी ते पूर्ण नव्याने लिहून पाठवलं. दोन महिने उत्तर नाही, मग एक ओळ आली: "एवढं मोठं तपासणं शक्य नाही." मन खट्टू झालंय. (औंध)

होणारच. इतकी मेहनत एका ओळीत परत येणं वाईट आहे, आणि उत्तर देणाऱ्याने आभाराचे दोन शब्द लिहायला हवे होते.

तरी पलीकडचा माणूसही नोकरी सांभाळून रात्री हे बघतो, हे धरून चाला. पन्नास पानांतलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे का हे त्याला सॉफ्टवेअर चालवून तपासायचं असतं. एक वाक्य चुकलं तर ते प्रकल्पाच्या नावावर जातं. जुन्या विस्कळीत पानांत एखादी विचित्र सूचना कुणाच्या तरी तक्रारीवरून मुद्दाम घातलेली असते, नव्या लिखाणात ती गळून जाते, आणि नेमकी कोणती गळली हे त्याला शोधावं लागतं.

तुमचं लिखाण वाया गेलेलं नाही. त्याचे तुकडे करा. सर्वांत जास्त लोक जिथे अडतात ते एक पान निवडा. आधी प्रकल्पाच्या इश्यूंमध्ये, म्हणजे तक्रारी-सूचनांच्या यादीत, लिहा: हे पान असं असं चुकतं, मी ते या क्रमाने लिहू इच्छितो, चालेल का? होकार आला की तेवढंच पाठवा. ते घेतलं गेलं की दुसरं. सहाव्या-सातव्या पानानंतर बहुधा तेच तुम्हाला म्हणतील, मांडणीही तुम्हीच बघा. मॅन्युअलचा एकूण साचा बदलायची बोलणी तेव्हा करायची. आणि आठवड्याला एकदाच आठवण करा, रोज नको.

प्रश्न : मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो, सहकारनगरला असतो. पुरंदर आणि वेल्ह्याच्या काही गावांत पाणलोटाच्या कामात मदत करतो. तिथल्या तरुणांना क्यूजीआयएस शिकवतो, पण मॅन्युअल इंग्रजीत आहे. ते संपूर्ण मराठीत आणावं असं मनात आहे. वेळ भरपूर आहे. कसं करावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेततळं कुठे घ्यायचं, नाला कुठे अडवायचा हे ठरवणाऱ्या मुलांच्या हातात हे साधन त्यांच्या भाषेत यावं, याहून चांगला हेतू या कामाला असू शकत नाही. म्हणूनच थोडं स्पष्ट बोलते: संपूर्ण मॅन्युअलच्या भाषांतराने सुरुवात करू नका.

क्यूजीआयएसचं भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं, एकेक वाक्य सुटं समोर येतं, आणि त्याचा मराठी विभाग वाढायलाच हवा. पण मूळ मॅन्युअल प्रचंड आहे आणि दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते. कोडमध्ये नवी सोय आली की डॉक्युमेंटेशनच्या यादीत तिची नोंद आपोआप पडते. इंग्रजी लिहिणाऱ्यांनाच ती यादी उपसता उपसत नाही. एकट्याने शे-दोनशे पानं मराठीत आणेपर्यंत पहिली पन्नास शिळी झालेली असतील. शिवाय त्या मॅन्युअलचा वाचक जगातला कुणीही आहे. तुमचा वाचक पुरंदरमधला आहे.

त्याच्यासाठी मराठीत नव्याने लिहा, एका कामाचं एक पान. दीर्घकाळ आधार असलेली जी आवृत्ती वर्षातून एकदा येते, एलटीआर म्हणतात ती, तिलाच बांधून लिहा आणि पानाच्या डोक्यावर आवृत्तीचा क्रमांक टाका. पहिलं पान कोणतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पण मी एका कार्यशाळेत मागच्या बाकावर बसून बघितलंय, त्यावरून सुचवते.

मुलं उंचीचा डेटा उतरवून घेतात, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून किंवा एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीचा, आणि लगेच उतार काढायला जातात. सगळा डोंगरही नव्वद अंश आणि शेतही नव्वद अंश. कारण फाइल अक्षांश-रेखांशात असते, ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी हे नकाशाच्या मोजणीपद्धतींचे ठरलेले क्रमांक). उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांमध्ये. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण गणित करणाऱ्याला तो नुसता १ दिसतो. आधी फाइल यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदलून घ्यायची, मग उतार काढायचा. इथेच दुसरी अडचण आहे. मुलं प्रोजेक्टचा सीआरएस, म्हणजे ही मोजणीपद्धत, खालच्या कोपऱ्यातून बदलतात, नकाशा पडद्यावर हलतो, आणि काम झालं असं त्यांना वाटतं. त्याने फक्त दाखवणं बदलतं, फाइल होती तशीच राहते. रास्टर मेनूतलं वॉर्प वापरून नवी फाइल करावी लागते. मॅन्युअलमध्ये हे सगळं आहे, पण वेगवेगळ्या प्रकरणांत, आणि सातबारा माहीत असलेल्या पण प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) हा शब्द भूगोलाच्या पुस्तकानंतर न ऐकलेल्या मुलासाठी एका जागी ते कुठेच सापडत नाही. ते पान तुम्ही लिहा.

लिहिताना पुण्याबाहेरचा वाचकही धरा. ३२६४३ हा आकडा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांसाठी आहे. पुणे, नगर, लातूर, अमरावती त्यात येतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर ७८ च्या पलीकडे आहेत, तिथे ३२६४४ लागतो. ही एक ओळ पानात नसेल तर गडचिरोलीतला कार्यकर्ता तुमच्या पायऱ्या इमानदारीने करेल आणि त्याच्या नकाशाला चुकीचा पट्टा लागेल.

दुसरं पान फाइली पाठवण्याचं. गावाचा नकाशा व्हॉट्सॲपवर मागवला की समोरचा शेपफाइल या नकाशाच्या प्रकारातली फक्त डॉट एसएचपी फाइल पाठवतो. शेपफाइल एकटी चालत नाही. सोबत एसएचएक्स आणि डीबीएफ लागतात, प्रक्षेपणासाठी पीआरजे लागते, आणि सीपीजी गळली तर गावांची मराठी नावं कचरा होऊन बसतात. झिप करून पाठवा, किंवा सरळ जिओपॅकेज वापरा, ती एकच फाइल असते. हे अर्ध्या पानाचं लिखाण आहे. पण त्याने किती फोन वाचतील, ते तुम्हीच सांगू शकाल.

मेनूंची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवा. सॉफ्टवेअर इंग्रजीत चालू असेल आणि पानात मराठी मेनू असतील तर मुलगा शोधतच राहील. बाकीची वाक्यं तुम्ही शिवारात बोलता तशी लिहा. चित्रं पुरंदरचीच असू द्या: ओळखीचा ओढा पडद्यावर दिसला की मुलगा निळ्या रेषेवर विश्वास ठेवतो. मात्र कुणाच्या गट नंबरावर मालकाचं नाव दिसत असेल तर ते चित्र वापरू नका.

परवान्याची ओळ विसरू नका. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे २००० मध्ये खास मॅन्युअलसाठी वेगळा मुक्त परवाना आला. त्यामागचं म्हणणं साधं होतं: प्रोग्राम बदलण्याची मोकळीक आहे आणि मॅन्युअल बदलण्याची नाही, तर बदललेल्या प्रोग्रामचं मॅन्युअल चुकीचंच राहणार. तुमच्या पानांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना टाका, श्रेय देऊन कुणालाही बदलता येईल असा. पुढची एलटीआर येईल तेव्हा ते पान दुरुस्त करणारा कदाचित तुमच्याच वर्गातला मुलगा असेल. त्याला परवानगी मागायला लागू नये. शिकवण्यासाठी व्हिडिओ हवे असतील तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतले धडेही आहेत. लिबरऑफिसचे ऐकून बघा, वेग कसा ठेवलाय ते कळेल.

ती मुलं अडतील तेव्हा त्यांनाच वहीत लिहायला लावा. तुम्हाला प्रक्षेपण इतकी वर्षं येतंय, की तुम्हाला ते अडणारच नाही.

प्रश्न : आता एआय सगळं लिहून देतं. मग माणसांनी मॅन्युअल कशाला लिहायचं? (वाकड)

लिहून देतं हे खरं, आणि भाषा गुळगुळीत असते. लांब वाक्यं मोडायला, मथळे सुचवायला मी त्याचा उपयोग करते. पण त्याने ते सॉफ्टवेअर तुमच्या समोरच्या मशीनवर चालवून बघितलेलं नसतं. नसलेला मेनू, कधीच नसलेला पर्याय ते पूर्ण आत्मविश्वासाने लिहितं. असं पान प्रकल्पात गेलं की वाचक ते अधिकृत म्हणून वाचतो आणि स्वतःचंच काहीतरी चुकतंय असं समजून तास घालवतो. मला सर्वांत जास्त याचं दुःख होतं, कारण ज्याला आधार द्यायचा त्याचाच आत्मविश्वास आपण काढून घेतो.

काही प्रकल्पांनी याबाबत नियम केले आहेत. जेंटू लिनक्सने एप्रिल २०२४ मध्ये अशा साधनांनी तयार केलेलं योगदान घेणार नाही असं ठरवलं. म्हणून पाठवण्याआधी त्या प्रकल्पाची योगदानाविषयीची फाइल वाचा. परवानगी असेल तर वापरलं हे स्पष्ट सांगा, आणि त्यातली प्रत्येक पायरी स्वतःच्या हाताने, वरच्या उत्तरात म्हटलंय तशा कोऱ्या मशीनवर करून बघा. जी पायरी करून बघितली नाही ती पाठवू नका.